ह्रुस्काला घ्यायचं की नाही

ऑगी पेलमन बुटांवरचा बर्फ झटकून स्वयंपाकघरात आला, तेव्हा व्हर्नाने रेडिओ लावून ठेवला होता. फोन टेबलाच्या मधोमध होता आणि तिचा नवरा, लायल ह्रुस्का, बशीतला कोबीचा रोल काट्याने नुसताच इकडून तिकडे ढकलत होता.

लायल एके काळी शहराच्या बेसबॉल संघाचा कॅचर. ऑगी चेंडू फेकायचा आणि हा फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून झेलायचा. त्यात बोटं वाकडी झाली, गुडघे गेले. तोंडावरच्या जाळीवर इतकी वर्षं आदळलेल्या चेंडूंनी डोक्याचं काय केलं, ते हल्ली घरात दिसायला लागलं होतं. हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, मतदानात त्याचं नाव असण्याचं हे शेवटचं वर्ष. निवड झालीच, तर संध्याकाळी निकाल जाहीर व्हायच्या आत फोन येणार होता.

रेडिओवर दोघं हमरीतुमरीवर आले होते.

"अहो, बॅटने काय दिवे लावले त्याने?"

"बॅटचं काय घेऊन बसलात? तो मागे बसला की साधा बॉलरसुद्धा वाघ व्हायचा. ते कुठल्या आकड्यात धरणार?"

"बरोब्बर!" ऑगीने टेबलावर थाप मारली. "मला विचारा की! तो पहिला गाढव उगाच तोंड वाजवतोय."

लायल मन लावून ऐकत होता. "नाही रे," तो म्हणाला, "त्या ह्रुस्काला नको घ्यायला."

ऑगी हसला. त्याला थट्टा वाटली. व्हर्ना मात्र हसली नाही; तिने रेडिओचा आवाज कमी केला.

"का रे नको?" तिने हळूच विचारलं.

"माणूस चांगला होता. पण फायनलला थ्रो हातात आला होता त्याच्या, आणि सोडला. अख्खा संघ रडला त्या दिवशी."

"अरे, तो धावणारा रेडा अंगावर येऊन आदळला होता!" ऑगी ओरडला. "शुद्ध हरपली होती तुझी... त्याची!"

"तरी चेंडू सोडायचा नसतो."

व्हर्ना खुर्चीत बसली. त्या सामन्याबद्दल लायल आजवर तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. दर जानेवारीला ती लोकांच्या मतांवर चिडायची, आणि हा तिच्याच शेजारी बसून इतकी वर्षं स्वतःच्या विरुद्ध मत देत आला होता.

फोन वाजलाच नाही. संध्याकाळी रेडिओने दुसरीच नावं सांगितली. तिने रेडिओ बंद केला.

"त्या माणसाला कुणी सांगितलं का?" लायलने विचारलं. "असं रेडिओवरून कळू नये कुणाला."

"सांगितलंय."

"एकटा असेल गं बिचारा."

"नाही. बायको आहे त्याच्याजवळ."

"चांगली आहे?"

"चिडते कधीकधी," व्हर्ना म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

ऑगीने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून तो लायलच्या अगदी समोर बसला. "मी खेळलोय त्या ह्रुस्काबरोबर," तो म्हणाला.

"काय सांगतोस! कसा होता?"

आणि ऑगी सांगू लागला.