आधी कोणता, मग कोणता

नागूबाईंनी पाटावरच्या दोन पत्त्यांपैकी डावीकडच्या पत्त्यावर बोट ठेवलं, तेवढ्यात समोर बसलेल्या मौलासाबनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बाई, तुम्ही उलटं वाचायल्यात," ते म्हणाले.

कमलनगरला स्टेशनच्या वाटेवर नागूबाईंचं घर होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं माणसं पत्त्यांवरून पुढचं बघायला येत. कुणाचं दुखणं, कुणाची सोयरीक, कुणाचा चुकलेला बैल. नागूबाई खेळायच्याच पत्त्यांचा साधा जोड पिसून पुढं धरत. समोरचा माणूस दोन पत्ते एकदम ओढी आणि पाटावर शेजारी शेजारी ठेवी. पत्ता कोणता निघाला यापेक्षा तो कुणाच्या आधी बसला, यावर सगळं ठरे.

ही विद्या त्यांच्या नवऱ्यानं, पिराजीनं आणली होती. निजामाच्या राज्यात पिराजी बिदरला एका मुन्शींच्या घरी कामाला होता. मुन्शी पत्ते बघत आणि पिराजी कोपऱ्यात बसून ऐकलेलं मराठीत वहीत उतरवी. 'आधी इस्पिकची नव्वी, मग बदामचा राजा: संकट सरून माणूस घरी येईल. आधी राजा, मग नव्वी: माणसाची आशा सोडावी.' अशा दोनशेच्या वर जोड्या. पिराजीनं स्वतः कधी पत्ते पाहिले नाहीत. शेवटच्या आजारात त्यानं वही नागूबाईंना वाचून दाखवली आणि त्यांनी ती पाठ केली. त्याला आता पंधरा वर्षं झाली होती.

मौलासाब हे त्याच मुन्शींचे धाकटे चिरंजीव. कचेरीतून निवृत्त होऊन भाच्याकडे आले होते, म्हणून सहज भेटायला आलेले, आणि गंमत म्हणून दोन पत्ते ओढलेले. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की अब्बांचं सगळं लिहिणं-वाचणं उर्दूत. ते पत्तेही उजवीकडूनच वाचायचे. त्यांचा 'आधी' म्हणजे उजवा पत्ता.

"आमच्या ह्यांनी हे लिवलंच न्हाई," नागूबाई म्हणाल्या.

"त्याला वाटलं आसंल, ह्यात काय लिवायचं," मौलासाब म्हणाले, आणि चहा पिऊन निघून गेले.

दोन दिवस नागूबाईंना काही सुचेना. त्या पाटावर जोड्या मांडत, एकदा इकडून वाचत, एकदा तिकडून. शकुबाईच्या पोरीला मुलगा होईल असं सांगितलं होतं, तो झाला. म्हणजे उलटं वाचूनही खरं झालं? मग सुलटं काय होतं? उलट राघोबाचं दुखणं हटेल म्हणून सांगितलं, आणि तो महिन्याभरात गेला. खऱ्याखोट्याचा हिशेब कुठूनही धरला तरी जुळत नव्हता. आणि या सगळ्यांत एक जोडी फिरून फिरून डोळ्यांसमोर येई. डावीकडं नव्वी, उजवीकडं राजा. ती हुलसूरच्या रत्नम्माची होती.

रत्नम्माचा नवरा शहाबादकडं फरशीच्या खाणीत कामाला गेला तो परतलाच नाही. भाऊ हावगेप्पा तिचं दुसरं लग्न लावून द्यायला निघाला होता. तेव्हा नागूबाईंनी छातीठोक सांगितलं होतं, की वाट बघ, माणूस येतोय. पोरगी तेव्हा वीस वर्षांची होती. ती नऊ वर्षं वाट बघत होती.

तिसऱ्या दिवशी नागूबाई उठल्या, पत्ते पिशवीत टाकले आणि भालकीला बस बदलून हुलसूरला गेल्या.

रत्नम्मा ओसरीवर शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होती. भावजय पाण्याला गेली होती. नागूबाई उभ्या उभ्याच सगळं बोलून गेल्या. मुन्शी, उर्दू, उजवी बाजू. शेवटी म्हणाल्या, "तुझे पत्ते आशा सोड म्हणत हुते, बाय. मी वाट बघ म्हणले. नऊ वर्षं खाल्ली मी तुझी."

रत्नम्मानं चाक हातानं थांबवलं. ती रडेल, शिव्या देईल, असं नागूबाईंना वाटलं होतं. तिनं आधी दाराकडं पाहिलं, मग त्यांना जवळ बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्याच वर्षी शहाबादहून आलेल्या एका बाईनं तिला खबर दिली होती. नवऱ्यानं तिकडं दुसरं घर केलं होतं, एक लेकरूही होतं. हे तिनं कुणालाच कळू दिलं नव्हतं. हावगेप्पाचा बैल एकदा पत्त्यांवरून सापडला होता, तेव्हापासून तो नागूबाईंचा शब्द मोडत नसे. स्थळ आलं की रत्नम्मा एवढंच म्हणे, पत्त्यात वाट बघायला सांगितलंय. तेवढ्या अवधीत तिनं यंत्र घेतलं, गिऱ्हाईक जोडलं. आता कोहिनूर गावचा एक बिजवर सोमवारी बघायला येणार होता. त्याला चार लेकरं होती.

"अक्का, तुमचं चुकलं म्हणून मी वाचले," ती म्हणाली. "आता ते नीट करू नका."

माफी मागायला आलेल्या बाईनं आता काय करायचं, हे नागूबाईंना कळेना.

तेवढ्यात हावगेप्पा शेतातून आला. नागूबाईंना बघून त्याला बरंच वाटलं. बरं झालं तुमीच आलात, म्हणाला, सोमवारच्या आत एकदा बघून सांगा. त्यानं स्वतः पाट आणून मांडला. रत्नम्मानं दोन पत्ते ओढले आणि ठेवले. किलवरची राणी आणि चौकटची सत्ती.

नागूबाईंनी डावीकडून पाहिलं, घर बदलतंय. उजवीकडून पाहिलं, घर टिकतंय. मुन्शींचं खरं धरावं, तर पोरीच्या मनासारखं होत होतं. पण आपलं पंधरा वर्षांचं खरं धरावं, तर काय? आणि मौलासाबना तरी नक्की आठवत होतं का? पत्ते त्यांच्या डोळ्यांसमोर नुसते रंगीत कागद होऊन पडले होते. समोर रत्नम्मा मान खाली घालून बसली होती. तिच्या बोटाला दोऱ्याचं टोक चिकटलेलं होतं.

"काय म्हणतेत?" हावगेप्पानं विचारलं.

"वाट बघ म्हणतेत," नागूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पत्त्यांवरून न ठरवता उत्तर दिलं होतं.

कोहिनूरला येऊ नका म्हणून निरोप धाडतो, म्हणत हावगेप्पा उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. रत्नम्मा नागूबाईंच्या पाया पडली. आपण हिचं भलं केलं की भावाला फसवलं, हे नागूबाईंना ठरवता येईना, म्हणून त्यांनी आशीर्वादाला उचललेला हात तसाच खाली घेतला.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक तरणी बाई लेकरू घेऊन बसली होती. तिनं दोनतीनदा वळून पाहिलं आणि भीतभीत विचारलं, "कमलनगरच्या पत्तेवाल्या बाई तुमीच न्हवं?"

नागूबाईंनी लेकराचे पाय आपल्या मांडीवर सरकवून घेतले, त्याला नीट निजता यावं म्हणून.

"न्हाई गं बाय," त्या म्हणाल्या. "ती मी न्हवं."