पूजेचा दोरा

"कडी लावायची, ओढून धरायची, मग खटका सोडायचा. कडी खाली पडलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय पंख उचलायचा नाही, वसू. आत तुझा वैरी बसलेला असला तरी."

हे रघुअण्णाचं, माझ्या थोरल्या भावाचं बोलणं. जालहळ्ळीच्या पलीकडं माळावर आमचा क्लब. तिथं तो ग्लायडर शिकवायचा. मलाही त्यानंच शिकवलं. गेल्या वर्षी विषमज्वरात गेला. जाण्याआधी हात हातात घेऊन त्यानं माझ्याकडून हेच कबूल करून घेतलं.

आणि आज आत वैरीच बसला होता.

जयतीर्थ अण्णाच्या जागेवर आला तेव्हापासून मला उडायला मिळालं नाही. "उपासतापासवाल्या बायकांनी जमिनीवरच बरं," म्हणाला. मला काम उरलं पंखाचं टोक धरायचं. मी टोक उचललं की माळाच्या दुसऱ्या अंगाला देवाप्पा यंत्र चालू करतो, तारेचा दोर गुंडाळला जातो आणि ग्लायडर वर खेचला जातो. पुरेसं उंच गेल्यावर आतली दांडी ओढून पोटाखालचा खटका सोडला की दोराची कडी सुटते. नाही सुटली, तर तोच दोर ग्लायडरला खाली आणतो.

परवा आयुधपूजा झाली. देवाप्पानं ग्लायडरला शेवंतीच्या माळा घातल्या, गंध-कुंकू फासलं आणि माळेचा दोरा खटक्यालाही पाच-सहा वेढे घालून बांधला. महत्त्वाचं यंत्र ते, त्याची पूजा आधी. आता गंध वाळून कडक झालेलं. जयतीर्थानं कडी अडकवली ती त्या दोऱ्यावरनंच, आणि आत जाऊन बसला.

"खटका बघायचा राहिलाय," मी म्हटलं.

"पूजा झालीय की, अक्का."

"पूजेचाच दोरा अडकलाय त्यात."

तो हसला. "तासन्‌तास देवापुढं बसता, आणि देवीचा दोरा तोडायला सांगता? तेही पाहुण्यांसमोर? माळेसकट फोटो निघायचाय."

कुंपणापाशी पाहुणे कॉफी पीत उभे होते.

"स्वल्प वेळ लागेल. कडी पडली की झालं."

"तुमचा अण्णा रोज कडी पाडायचा. काय मिळालं? अंथरुणातच मेला ना?"

"हो. अंथरुणात मेला. इथं नाही."

त्याचं तोंड उतरलं, मग लाल झालं. "पंख उचल. नाहीतर उद्यापासून क्लबात पाय ठेवू नकोस. टोक धरायला कुणीही मिळेल मला."

"सरी, बरं," म्हणून मी टोकाशी गेले.

एकादशी होती, सकाळपासून घशात पाण्याचा थेंब नव्हता. पंखाचं टोक हातात घेतलं. हलकं असतं ते, बोटांवर पेलतं. वाटलं, उचलावं. वर गेल्यावर कळेल याला. माझं काय जातं? मी घरी जाईन, संध्याकाळी विष्णुसहस्रनाम म्हणेन, उद्या तुळशीचं पान तोंडात घालून उपास सोडेन.

त्याच तोंडानं?

मी टोक पुन्हा गवतावर टेकवलं. लांब देवाप्पा डोळ्यांवर हात धरून बघत होता. पंख खाली असेतो तो यंत्राला हात लावणार नाही.

"उचल म्हणतोय ना! बहिरी झालीस का?" जयतीर्थ ओरडला. पाहुण्यांनी माना वळवल्या.

पूजेच्या दोऱ्याला हात लावायचा होता. मी चपला पंखापाशी काढून ठेवल्या, पदर खोचला आणि खटक्याकडं चालू लागले.