आमाची किडनी

डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलताच विचारलं, "बहिनी, गोळ्या कोण देतं?"

"मीच देते, डाक्टरसाब. सकाळी आठ, रात्री आठ."

"मग दुप्पट का देता?"

पवित्राच्या पायाखालची जमीनच सरकली. तीन महिन्यांपूर्वी तिच्या सासूनं, आमानं, आपली एक किडनी मुलाला दिली होती. ऑपरेशनला जाताना आमा सुनेला म्हणाली होती, "माझ्या पोटचा गोळा आणि माझ्या पोटातली किडनी, दोन्ही तुझ्या हवाली. कमीजास्त झालं तर तुलाच विचारीन." आणि आमा विचारल्याशिवाय राहणारी बाई नव्हती.

तेव्हापासून पवित्रानं नवऱ्याला, टेकबहादुरला, तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. भक्तपूरला तिघं राहत त्या भाड्याच्या खोलीचा उंबरा पाहुण्याला ओलांडू दिला नव्हता. सख्ख्या दिराला दारातूनच परत पाठवलं, तर तो गावभर सांगत सुटला की वहिनीनं दादाला खुराड्यात कोंडलंय. कोंडलं तर कोंडलं.

आणि आता हे. किडनी बिघडली की चढणारं क्रिएटिनिन एक पॉइंट दोनवरून दोन पॉइंट तीनवर. नव्या किडनीला शरीरानं परकी समजून हाकलू नये म्हणून जी गोळी घ्यायची, तिचं रक्तातलं प्रमाण हवं त्याच्या दुपटीहून जास्त. आठवडाभर टेकबहादुरच्या हातातली वाटी थरथरत होती, ती थंडीनं नव्हे.

"हेच औषध जास्त झालं की किडनी खातं," डॉक्टरांचा आवाज चढला. "शिकलेल्या दिसता. एवढं साधं तुम्हाला..."

"तिची चूक नाही," टेकबहादुर मध्येच म्हणाला. "मीच घेतली. घेतल्याचं विसरायचो आणि पुन्हा घ्यायचो. चारपाच वेळा झालं असेल."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. चोर सापडला होता. त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं, दोन वेळा गोळी चुकवायला सांगितली, मग पहिल्यासारखीच चालू, चार दिवसांनी रक्त. पुढचा नंबर पुकारलासुद्धा.

बाहेर बाकावर बसून पवित्रानं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट ती त्यात टाकत असे. तिनं ती मांडीवर ओतून मोजली, मग उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकही इकडची तिकडे नव्हती.

"तुम्ही खोटं बोललात."

टेकबहादुर रिकामी पाकिटं डब्यात परत भरू लागला.

"मी विचारतेय! का बोललात?"

"हळू बोल, म्हातारे. लोक बघतायत." त्यानं आवाज खाली घेतला. "रात्री चार चार वेळा उठून माझा ताप बघतेस. झोपेत दोनदा दिली असशील, माणूस आहेस. आमाला कळलं असतं तर तुला जगू दिलं असतं का तिनं?"

पवित्राला रडू कोसळायचं ते संतापच आला. म्हणजे यालाही वाटत होतं की तिचीच चूक! आणि स्वतःचा जीव टांगणीला लावून हा शहाणा तिची अब्रू झाकत होता. गोळी दुप्पट गेलीच नव्हती, मग रक्तात दुप्पट आली कुठून? ते न शोधता घरी जायचं म्हणजे हातानं सरण रचायचं.

ती उठली आणि रांगेतल्या दहा जणांच्या शिव्या खात थेट आत घुसली. डबा टेबलावर आपटला.

"डाक्टरसाब, ते खोटं बोलले. गोळ्या चोख आहेत. मोजून घ्या."

डॉक्टर वैतागले, पण डबा बघून त्यांनी चष्मा काढला. "बरं. मग हे दिवसभर काय खातात? अगदी पाण्यापासून सांगा."

ती धडाधड सांगत गेली. उकळलेलं पाणी. डाळ, भात, शिजवलेली रायोची पालेभाजी. लोणचं बंद, आंबवलेला गुंद्रुक बंद, बाहेरचं काही नाही. "आणि दुपारी गच्चीवर उन्हात बसून पपनस."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "पपनस म्हणजे आपलं भोगटे? किती?"

"रोज वाडगाभर. पौष लागल्यापासून. गावाकडचं झाड आहे, आमा सोलतात, मी फोडणीची मेथी आणि तीळकूट घालून कालवते. दही वर्ज्य म्हणून दही घालत नाही. सालीसकट गरम पाण्यानं तीनदा धुते. जाड सालीचं फळ चालतं, असं तुमच्याच माणसांनी सांगितलं होतं."

"संत्रं चालतं. हे नाही. हे पोटात असलं की शरीराला ती गोळी जिरवता येत नाही, ती रक्तात साठत जाते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आमच्या कागदावर हे लिहायला हवं होतं. पौषातल्या उन्हात कोण भोगटे खात नाही? आत्ताच्या आत्ता भरती करा."

तीन दिवस पवित्रा वॉर्डातून हलली नाही. चौथ्या सकाळी क्रिएटिनिन एक पॉइंट सहावर उतरलं, आणि इतके दिवस खोलीवरच थांबवलेली आमा दुपारी आली. कमरेला पटुका घट्ट बांधून, एका बाजूला किंचित वाकून चालत.

"काय झालं होतं?"

"काही नाही आमा," टेकबहादुर घाईनं म्हणाला, "मीच गोळी दोनदा..."

"यांचं ऐकू नका, आमा. मी पपनस चारलं रोज. त्यानं झालं."

 आमाच्या तोंडाचा पट्टा सुटला. पोट फाडून दिलं ते याचसाठी का, तुझ्या माहेरी हेच शिकवलं का, रोज वाडगा भरताना हात कसा झडला नाही! वॉर्डातले सगळे माना वळवून ऐकत होते. सोलायला आपणच बसत होतो, हे आमाच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा आवाज अडखळला, पण थांबला नाही. थांबली असती तर तिला रडावं लागलं असतं.

टेकबहादुर तोंड उघडणार, तोच पवित्रानं त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

"बोलू द्या त्यांना," ती म्हणाली. "बोलणी खाऊन मी मरत नाही. माझी अब्रू झाकता झाकता तुम्ही मात्र मेला असता."