जमलं की कळवा

आमच्या बोरीवलीच्या कॉम्प्युटर क्लबात बहुतेक सगळे रिटायर्ड, आणि भांडणं मात्र शाळकरी पोरांची. त्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये भांडण होतं ते क्लबच्या चर्चेच्या वेबसाइटवरून. जुनी वेबसाइट माझे यजमान जयवंत चालवायचे. हे फेब्रुवारीत गेले आणि तेव्हापासून ती आचके देत होती. आता नवीन सॉफ्टवेअर निवडायचं होतं, आणि कमिटीत ह्यांच्या खुर्चीवर मला बसवलं होतं. मला विचारलं, मी हो म्हटलं. त्या दिवसांत कोणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणायचे. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. स्वयंपाक करायचे, ह्यांचा फोन रोज चार्जिंगला लावायचे, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच यायचे. रडू येत नव्हतं. लोक 'सावरलात हो लवकर' म्हणायचे, आणि मला त्यांचा रागसुद्धा धड येत नव्हता.

श्वेता ही क्लबातली एकुलती एक नोकरीवाली. ती दोन सॉफ्टवेअर शोधून आली होती.

"पहिल्यात जुनं सगळं जसंच्या तसं येईल," ती म्हणाली. "पण सर्व्हर आपला आपण सांभाळायचा. दुसरं सोपं आहे, मोबाइलवर झकास चालतं. फक्त त्यात सुटलेले प्रश्नच नेता येतात, हिरवी खूण असलेले. बाकीचे जाणार."

हिरवी खूण हा ह्यांचाच नियम. प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः 'जमलं' लिहिलं की खूण लागायची आणि विषय बंद व्हायचा. दुसऱ्या कोणाला ती लावता यायची नाही. म्हणून ह्यांचं प्रत्येक उत्तर एकाच वाक्याने संपायचं, 'जमलं की कळवा.'

"पहिलाच घेवया," अण्णा म्हणाले. अण्णा आणि हे एकाच गावचे, मालवणकडचे. "जयवंताचा एक अक्षर पण मी जावक देवचंय नाय."

"अण्णा, पण तो सर्व्हर सांभाळणार कोण? तुम्ही?" श्वेताने विचारलं.

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. कमिटीत आम्ही तिघंच, त्यामुळे आता माझ्या मतावर सगळं होतं.

माझा स्वतःचा एक प्रश्न त्या वेबसाइटवर उघडा होता, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. हे हॉस्पिटलात असताना लाइटबिल भरायची वेळ आली. आजवर ते हेच भरायचे. फोन करून विचारलं तर म्हणाले, "क्लबात विचार गं, चार लोकांना उपयोग होईल." सलाइन लावलेल्या हाताने क्लब चालवणारा माणूस! मी रागारागाने प्रश्न टाकला. ह्यांनी अनोळखी बाईला सांगावं तसं उत्तर लिहिलं, 'सुलक्षणाबाई, आधी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा.' शेवटी नेहमीचं, 'जमलं की कळवा.' बिल मी त्याच संध्याकाळी भरलं. कळवायचं राहिलं, आणि त्याच आठवड्यात हे गेले. नंतर मी मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर विषय बंद झाला असता, आणि आमच्या दोघांत तेवढं एकच बोलणं अजून चालू होतं.

"दुसरं घ्या," मी म्हटलं.

"वैनी, नीट इचार केल्यात मां?" अण्णांनी विचारलं.

"केला." ह्यांनीही तेच निवडलं असतं. बंद पडलेली वेबसाइट ह्यांना बघवायची नाही.

"मग ज्यांचे प्रश्न उघडे आहेत त्यांनी आजच 'जमलं' लिहून टाका हं," श्वेता म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

घरी येऊन मी कॉम्प्युटर लावला. एक शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? मी लिहिलं आणि खोडलं. उठून पान वाढून घेतलं, जेवले, भांडी घासली, ओटा पुसला. मग परत येऊन लिहिलं आणि लगेच बटण दाबलं. हिरवी खूण लागली. खाली अक्षरं आली, 'उत्तर देणाऱ्याला कळवलं आहे.'

आतल्या खोलीत फोन वाजला.

"अहो, तुमचा फोन वाजतोय," मी खुर्चीतूनच ओरडले.

कोणी उठलं नाही. तेव्हा मला रडू फुटलं.