फोन आलाच नाही

स्क्रीनवर रामकिसन यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका लुकलुकतोय, म्हणजे नेट चालू आहे — चालू कसलं, रांगतंय; सकाळीच गावाला नेट पुरवणाऱ्या संघपालने वडीगोद्रीतल्या आपल्या दुकानात बसून त्यांचं वीस एमबीपीएसचं स्पीड एकवर आणून ठेवलंय, आणि दुपार कलली तरी माणसाचा फोन नाही.

ही त्याची खोडच. गावात दुसऱ्या कंपनीची फायबरची केबल आल्यापासून, कोण फुटलंय ते ओळखायचं असलं की स्पीड दाबायचं. जो आपला आहे तो घटकाभरात शिव्या घालतो. जो गप्प बसतो त्याच्या घरात दुसरी वायर शिरलेली असते. कापडवाला राधेश्याम असाच गप्प बसला होता... पण राधेश्याम गेला तर एक घर जातं. रामकिसनकाकांच्या तर माडीवरच डिश उभी आहे, अर्ध्या गावाला तिथूनच नेट जातं. उद्या ते म्हणाले, काढ बाबा तुझं हे, की धंदा बसला.

वापर थोडाथोडा दिसतो, पण तेवढं तर नुसता लावून ठेवलेला टीव्हीही ओढतो. फुटले, बिलकुल फुटले. माडी द्यायला तरी इतक्या लगेच हो का म्हणाले होते? माझे वडील, तातेराव, जन्मभर त्या घराच्या अंगणातच उभे राहिले, पायरी चढले नाहीत, आणि त्यांच्या पोराला थेट माडीवर... तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

संध्याकाळी राहवेना. डिश पुसायचं निमित्त काढून तो माडीवर गेला, भिंतीचे कोपरे, खिडक्यांच्या फटी, सगळं न्याहाळलं — नवी वायर कुठेच नाही. मागून आणली असेल... मागेही नाही. मग फोन का नाही केला?

खाली रामकिसनकाकांच्या बायकोने, द्वारकाकाकूंनी, चहा ठेवला. त्यांची मुलगी अर्पिता पायरीवर मोबाइल धरून बसली होती, डोळे लाल. आज जालन्याच्या एका बियाणे कंपनीची मुलाखत होती तिची, नेटवरून. आवाज तुटत राहिला, शेवटी समोरच्यांनीच आवरतं घेतलं. काकू सांगत होत्या, तसा संघपालने कप खाली ठेवला.

"मंग मला फोन का न्हाई केला, काकू?"

"मी लावूनच राह्यल्ते. ह्यांनी हातातून घेतला. म्हणले, लोकं सोडून चाललेत त्याला, पोरगं आधीच परेशान हाये. आपण बी मागं लागावं का?"

लाज वाटली. पण खरंच असं म्हणाले असतील? इतकं चांगलं कोणी कशाला वागेल... का त्यांना सकाळीच कळलं होतं, मी काय केलंय ते, आणि हा कुठवर जातो ते बघत बसले? तेवढ्यात काका बाहेरून आले, चपला काढल्या, वर डिशकडे बघून हसले.

"झालं का बराबर?"

"धूळ बसल्ती," तो म्हणाला.

हसले कशाला?

मोबाइल काढून त्याने घाईघाईने त्यांचं स्पीड वीसवर नेलं. मग चाळीसवर. नको, एकदम दुप्पट कसं काय, असं वाटेल त्यांना... पुन्हा वीस.

"आलं नेट," अर्पिता म्हणाली.

तिघंही त्याच्याकडे बघत होते, कौतुकानंच बघत असावेत. पण डिश तर मघाशीच पुसून झाली होती, आणि मोबाइल अजून त्याच्या हातात होता.