पायगुण

"ती आली आन भिंत फाटली, माहेरी गेली आन मिटली. आणिक काय दावू रं तुला?" आई भांडी आपटत म्हणाली.

"मग गोठ्याची भिंत? ती बी फाटलेली, ती बी मिटली. म्हशीचा पायगुण व्हय?"

"शाळा सोडल्यापासनं लई तोंड सुटलंय तुजं, शाम्या!"

भरमूआण्णाच्या लग्नासाठी ही खोली बांधली. लढाईच्या टंचाईत चुना मिळंना, म्हणून नुसत्या मातीत. ती बी काळ्या भुईवर. वैशाखात कांतावैनी घरात आली आन आठवड्यात कोपऱ्याला हात जाईल एवढी चीर पडली. आखाडात नव्या नवरीला माहेरी धाडत्यात, तशी वैनीला बोरगावला धाडली. आता आखाड सरला, तरी आई तिला आणू देत न्हाय.

उन्हाळ्यात शेताच्या भेगंत माजा पाय गुडघ्यापतोर गेलता. पाऊस झाला, भेगा गायब. अंगण मी फळी मारून सपाट केलतं, तितं आता उंचवटं आल्यात. उंबरा वर आलाय, दार घासतंय. भुई फुगतीया, एवढं दिसतंय. का फुगतीया, ते मला बी उमगंना.

"आये, भेगा तर शेतात बी पडल्यात्या!"

"मग शेतात भाकरी घिऊन कोण जात हुतं? तीच की!"

आण्णा दोर वळत बसलेला. माजं डोस्कंच फिरलं.

"आण्णा, बायको तुजी हाय का माजी? बोल की!"

"भिंत मिटलीया तर खरं," आण्णा पुटपुटला.

आई म्हणाली, "जा, आण तिला. पुना फाटली तर कायमची माहेरी. हाय कबूल?"

"हाय!" मी वराडलो.

आन मग ध्येनात आलं. दिवाळी झाली की भुई वाळणार, भिंत पुना फाटणार. मी वैनीची बाजू घेतली, का तिलाच खड्ड्यात घातलं?

गाडी जुपताना आण्णा जवळ आला. "शामू, भुई वाळूच दिली न्हाय तर? भिंतीच्या बुडाला रोज पाणी घातलं तर?"

"आन लई फुगून भिंतच पडली तर?"

"म्हाईत न्हाय रं. पर घागरी मी वढतो. तू जा."

मला बी म्हाईत न्हाय. आई परसात बोलतीया, आवाज चढाय लागलाय. तिचं मन फिरायच्या आत बोरगावची वाट धराय पायजे. निगतो आता.