माझी खुशी नाही

मी दीपिका घाडी. डिलाईल रोडला राहते, दादरला एका साडीच्या दुकानात फॉल-पिको करते, आणि मला राग लवकर येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नंतर म्हणाल, बाई भांडकुदळ आहे. आहेच.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात अक्षदाच्या शाळेतून फोन आला. अक्षदा माझी मुलगी, दहावीत. सहामाहीत तिला गणितात अठरा मार्क पडले होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक कागद पुढे सरकवला. त्या ऑफिसात मला खुर्ची पहिल्यांदाच मिळत होती, तेव्हाच मी सावध झाले.

"अक्षदाच्या आई, मुलीच्या भल्यासाठीच सांगतेय," बाई म्हणाल्या. "दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसेल. उगाच तिच्यावर प्रेशर नको."

अर्ज टाइप करून तयारच होता. 'आम्ही स्वखुशीने आमच्या पाल्याचा दाखला काढून घेत आहोत.' सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून ठेवली होती.

शाळेच्या गेटवर पाटी आहे, 'सलग नऊ वर्षे शंभर टक्के निकाल'. दहावं वर्ष माझ्या पोरीमुळे बुडू नये म्हणून हा पाहुणचार चालला होता. बाहेरून बसलेली मुलं शाळेच्या निकालात धरत नाहीत, एवढं फॉल-पिकोवालीलाही कळतं.

"बाई, ती पाचवीपासून तुमच्याकडे आहे," मी म्हटलं. "गॅदरिंगला चाळीस पोरींचं लेझीम तिने बसवलं, तेव्हा ती तुमची होती. आता गणितात अडली तर बाहेरची?"

"लेझीमने गणित सुटत नाही हो."

"नाही सुटत, मान्य. पण गणित शिकवायचं कोणी? माझ्या हातून साडी बिघडली तर मी गिऱ्हाइकाला सांगते का, की ही साडी दुकानात आलीच नव्हती म्हणून?"

बाई चष्मा पुसायला लागल्या. "राकेशच्या आईने कालच सही केली. समजूतदार आहेत."

राकेश अक्षदाच्याच वर्गातला, आमच्या पलीकडच्या चाळीतला. त्यालाही गणितात अठराच होते. त्याची आई चार घरी पोळ्या करते. शाळा सांगते म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटलं असेल.

मी पेन घेतलं. पेन्सिलीच्या फुलीवरच लिहिलं, 'माझी खुशी नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि मोबाइलवर फोटो काढला.

"आणि ती नापास झाली तर?" बाईंचा आवाज आता चढला होता.

"तर तुमच्या शाळेतून नापास होईल. तेवढा तिचा हक्क आहे."

घरी नवऱ्याने, दत्तारामने, डोक्याला हात लावला आणि तो मालवणीवर आला. "अगो, कित्याक शाळेशी पंगा घेतलंस? चेडू नापास झाला तर लोक काय म्हणतले?"

अक्षदा दाराशी उभी होती. "मम्मी, मी खरंच नापास होईन बहुतेक."

"होशील तर हो," मी म्हटलं. "पण वर्गात बसून हो."

बोलले खरी, पण मार्चपर्यंत रोज रात्री मीच तिच्या गणिताच्या वह्या उघडून बघायचे. गणिताच्या सरांनी तिच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. ती मात्र रोज पहिल्या बाकावर जाऊन बसायची.

मे महिन्यात दुपारी एकला निकाल लागला. मराठीत एकाहत्तर, विज्ञानात बावन्न, बाकी सगळ्यात पास आणि गणितात एकवीस. अक्षदा रडली. मीही रडले, मोरीत जाऊन. दत्तारामने तिच्यापुढे चहा आणून ठेवला, त्याचे उपकारच म्हणायचे.

संध्याकाळी नाक्यावर फ्लेक्स लागायला लागले. आमच्याकडे कुणी पास झालं, कुणाचा वाढदिवस असला, कुणी नुसतं मंडळाचं चिटणीस झालं तरी फ्लेक्स लागतो. अक्षदा गॅलरीत उभी राहून एकेक फोटो बघत होती. वर्गातल्या सगळ्या पोरी वर चढल्या आणि ही एकटीच तोंड लपवणार? माझं डोकं सणकलं. मी तडक खाली स्वप्नीलच्या दुकानात गेले. झेरॉक्स, प्रिंट, मंडळाचे बॅनर, सगळं तोच करतो.

"स्वप्नील, अक्षदाचा एक बॅनर कर."

"मावशी, पण ती तर..."

"तेच लिही."

मागून अक्षदा आली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता ही मला ओढून घरी नेणार. तिने नाक पुसलं.

"लिही," ती स्वप्नीलला म्हणाली. "अक्षदा दत्ताराम घाडी. गणितात एकवीस, बाकी सगळ्यात पास. जुलैमध्ये पुन्हा बसणार." मग जरा थांबून म्हणाली, "आणि खाली शाळेचं नाव टाक. मोठ्या अक्षरात."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पोरीने माझ्यावर कडी केली.

तेवढ्यात राकेशची आई दुकानात आली, निकालाची प्रिंट काढायला. राकेश पास झाला होता, पंचावन्न टक्के. तिच्या पिशवीत पेढ्यांचा बॉक्स तसाच होता.

"शाळेत गेले होते पेढे घेऊन," ती म्हणाली. "मोठ्या बाई म्हणाल्या, तो आता आमचा विद्यार्थी नाही. पेढा घेतला नाही त्यांनी."

तिने स्क्रीनवरचा बॅनर सावकाश वाचला. 'एकवीस'पाशी थांबली, माझ्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं.

"ताई, ह्याच्यावर आमच्या राकेशला जागा मिळेल?"

"काकी, फुल झालाय बॅनर," स्वप्नील म्हणाला.

अक्षदाने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"माझा फोटो लहान कर ना, दादा. राकेशचा बाजूला लाव. शाळेचं नाव तेवढंच मोठं राहू दे."